लिव्हर बायोप्सी: बरगड्यांमधून, मानेतून की एंडोस्कोपीने?

इंदूरात आपल्या राजेंद्रनगर-लोकमान्यनगरात कुणाला डॉक्टरांनी लिव्हर बायोप्सी (तपासायला लिव्हरचा बारीक तुकडा काढणं) सांगितली की घरचे आधी हेच विचारतात की त्यातली चांगली कुठली, आणि महाग ती चांगली असं धरून चालतात. तसं नसतं हो, पोटात पाणी आहे का आणि रक्त नीट गोठतंय का, यावर बरंचसं ठरतं.

दोन्ही ठीक असेल तर बरगड्यांमधूनच करा, माझं मत स्पष्ट आहे. सोनोग्राफीत जागा बघतात, तेवढाच भाग बधिर करतात, सुई क्षणभर आत जाऊन येते. तुकडा अखंड आणि लांब मिळतो, दोन-तीन सेंटीमीटर, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण तो तुकडा म्हणजे लिव्हरचा साधारण 50,000 वा भाग, त्यावरून पॅथॉलॉजिस्टने सगळं सांगायचं, तुकडा तोकडा आला तर फायब्रोसिस, म्हणजे लिव्हर कडक होणं, आहे त्यापेक्षा कमी वाटू शकतो. नंतर उजवा खांदा दुखतो, ते बऱ्याच जणांना होतं, पण दुखणं वाढत गेलं किंवा चक्कर आली तर लगेच नर्सला सांगायचं.

पोटात बरंच पाणी असेल, प्लेटलेट फार कमी असतील, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढला असेल तर मानेतून. मानेच्या शिरेतून नळी लिव्हरच्या शिरेपर्यंत नेतात आणि आतूनच तुकडा घेतात, त्यामुळे रक्त आलं तरी बहुतेक शिरेतच परत जातं, पोटात सांडत नाही. त्याच वेळी पोर्टल प्रेशरही, म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब, मोजता येतं, 10 mmHg किंवा वर आलं तर डॉक्टर सिरियस घेतात. मात्र तुकडे बारीक आणि तुटके येतात, एक्स-रे आणि त्यात शिरा दिसाव्यात म्हणून डाय लागतो (किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा), खर्चही जास्त.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने (तोंडातून सोनोग्राफीची नळी घालून) पोटाच्या आतून लिव्हरच्या दोन्ही बाजूंचे नमुने मिळतात, पण झोपेचं औषध द्यावं लागतं. व्हेरिसेस (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा) बघायला एंडोस्कोपी होणारच असेल तर विचारून बघा, नुसत्या बायोप्सीसाठी मी नाही सुचवणार. पोटाला छिद्र पाडून दुर्बिणीने (लॅप्रोस्कोपी) तेव्हाच, जेव्हा पित्ताशयासारखं ऑपरेशन तसंही ठरलेलं असेल.

आणि हो, प्रश्न फक्त लिव्हर किती कडक झालंय एवढाच असेल तर फायब्रोस्कॅनने (बाहेरूनच लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) भागेल का ते आधी विचारा. ऑटोइम्यून हिपॅटायटीसचा (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार) संशय असेल तर मात्र बायोप्सी सहसा टाळता येत नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका, स्टेंटवाल्यांनी तर हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. देवास-खरगोनहून येणाऱ्यांनी त्या रात्री इंदूरातच थांबावं, कारण रक्तस्राव झाला तर बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत आणि जवळजवळ नेहमी 24 तासांच्या आत होतो.