मोटारहोमच्या टपावर उपग्रह इंटरनेट : कायमची डिश, सुटी डिश की मोबाइल राऊटर?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात ट्रॅव्हलरसारख्या गाडीचे मोटारहोम करून घेणाऱ्यांनी, गाडी उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरकडे सोडण्यापूर्वीच इंटरनेटचा निर्णय घेतलेला बरा. उपग्रहाची डिश टपावर कायमची बसवता येते, सुटी डिश बरोबर ठेवून लागेल तेव्हा बाहेर मांडता येते, किंवा सिमकार्डावर चालणारा राऊटर आणि टपावर त्याचा अँटेना एवढ्यावरही भागवता येते. परदेशातले सल्ले वाचून बहुतेकांचा कल पहिल्या पर्यायाकडे झुकतो. आपल्या सीमाभागाचा भूगोल मात्र त्या सल्ल्यांशी जुळत नाही, आणि निवड करताना माझ्या मते तोच मुद्दा सर्वांत वजनदार आहे.

जिल्ह्याच्या पूर्वेला सौंदत्ती, रामदुर्ग, अथणी हा मोकळा माळ आहे. तेथे गाडी कोठेही उभी केली तरी डोक्यावर अख्खे आकाश असते. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा या बाजूला घनदाट झाडी असते आणि भीमगडच्या जंगलाकडे वळले की मोबाइलची रेंज लवकरच साथ सोडते. म्हणजे जेथे आकाश मोकळे आहे तेथे बहुतेक वेळा मोबाइलवरच काम निभावते, आणि जेथे उपग्रहाची खरी गरज पडते तेथे टपावरच्या डिशला आकाशच पुरेसे दिसत नाही.

हे किती अडचणीचे ठरते, ते साध्या हिशोबाने कळते. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून सतत सरकत असतात. त्यांच्या सर्वसाधारण डिशला वरच्या दिशेने ११० अंशांचे आकाश मोकळे लागते, म्हणजे क्षितिजापासून ३५ अंशांच्या वर चहूबाजूंनी काही आडवे येता कामा नये. डिशच्या पातळीपेक्षा १० मीटर उंच शेंडा असलेले झाड डिशपासून किमान १४ मीटर दूर असावे लागते. खानापूरच्या पश्चिमेला अशी जागा मिळते ती शेताच्या बांधावर, नदीकाठच्या मोकळ्या पट्ट्यात किंवा गावाच्या पटांगणात. उन्हाच्या दिवसांत मात्र गाडी झाडाखाली लावावीशी वाटते. डिश टपाला कायमची जखडलेली असेल तर सावली आणि इंटरनेट यांपैकी एकच पदरी पडते. सुटी डिश १५ मीटरच्या वायरने उघड्यावर नेता येते आणि गाडी सावलीतच राहते.

कायमच्या डिशचा खरा फायदा गाडी चालू असतानाच मिळतो. कोगनोळीहून निघून हुबळीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४८ वर सहप्रवाशाला अखंड काम करायचे असेल, आणि योजनेत धावत्या वाहनावरील वापर स्पष्टपणे मान्य असेल, तर ती सोयीची आहे. थांबल्यावर काही मांडावे लागत नाही आणि चोरीचा धोकाही कमी असतो. मात्र याच महामार्गावर मोबाइलची रेंजही चांगली असते, त्यामुळे एवढ्यासाठी टपाला भोके पाडणे मला पटत नाही.

भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी स्थिर भासणाऱ्या उपग्रहाकडे रोखलेली व्हीसॅट डिश मोटारहोमसाठी विचारात घेऊ नये. ते उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, त्यामुळे संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत सुमारे ६०० मिलिसेकंदांचा विलंब लागतो आणि व्हिडिओ कॉलवर दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. शिवाय डिशची दिशा अगदी अचूक साधावी लागते, आणि आत कोणी चालले की गाडी किंचित डुलते.

विजेचा विचार केला तर फरक आणखी मोठा आहे. स्टारलिंकची सर्वसाधारण डिश ७५ ते १०० वॅट वीज घेते. दहा तासांत ती १,००० वॅट-तासांपर्यंत जाते, आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या ट्यूब्युलर बॅटरीचा निम्माच भाग वापरावा असे धरले तर हातात ९०० वॅट-तासच राहतात. स्टारलिंकचीच लहान, ‘मिनी’ डिश साधारण २५ ते ४० वॅटवर चालते, वजनाला सव्वा किलोच्या आत आहे आणि इन्व्हर्टरशिवाय थेट १२ व्होल्टवर जोडता येते. फक्त वायर जाड हवी. कणकुंबीच्या पावसात दिवसेंदिवस ऊन पडत नाही आणि सौर पॅनेल नावापुरतेच उरते, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. मुसळधार पावसात उपग्रहाचा सिग्नलही क्षीण होतो. डिश टपावर असो वा जमिनीवर, त्यातून सुटका नाही. सुटी डिश मांडायला त्याच पावसात, जळवांतून बाहेर जावे लागते आणि वायर गुरांच्या पायांत येणार नाही हेही पाहावे लागते. ही गैरसोय खरीच आहे.

कायद्याची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि इन-स्पेस या अंतराळ क्षेत्राला परवानग्या देणाऱ्या सरकारी संस्थेची मान्यता जुलै २०२५ मध्ये मिळाली. त्याचा अर्थ परदेशातून आणलेली डिश येथे खुशाल लावावी असा होत नाही. परवानगीविना असे उपकरण बाळगणे गुन्हा ठरू शकतो. जोडणी भारतात, स्वतःच्या नावावर आणि फिरत्या वापरासाठी मिळते याची लेखी खात्री झाल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. टपात फेरफार करताना मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ लागू होते, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्यावे.

म्हणून आज गाडी बांधून घेणाऱ्याला माझा सल्ला असा की टपावर मोबाइल राऊटरचा अँटेना बसवावा. पत्र्याच्या आत अडकलेल्या फोनपेक्षा तो बराच जास्त सिग्नल धरतो. राऊटर अँटेनाजवळ ठेवावा, कारण लांब केबलमध्ये सिग्नल वाया जातो. दोन कंपन्यांची सिमकार्डे ठेवावीत. उपग्रहासाठी आताच एक रिकामा पाइप टपापासून बॅटरीच्या कप्प्यापर्यंत घालून ठेवावा. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात नव्हे. केबल ग्लँडभोवती, म्हणजे वायरला भोकात घट्ट धरणाऱ्या कडीभोवती, सिलंट भरावे, आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली छोटा झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि आत येत नाही. पुढे सुटी मिनी डिश घेतली की तिच्यासाठी टपावरच्या कॅरियरवर क्लॅम्पचा स्टँड करता येतो. मोकळ्या माळावर ती तेथेच ठेवावी, जंगलाकडे गेल्यावर काढून बाहेर मांडावी.