ओळीची सरासरी वजा करायचीय: पांडाज, नमपाय की आर?

ओळींत तीन तालुके, कॉलमांत जून ते सप्टेंबर, प्रत्येक चौकटीत पाऊस. प्रत्येक तालुक्याच्या आकड्यांतून त्याच तालुक्याची सरासरी वजा करायची. हे पायथनच्या पांडाज आणि नमपाय या लायब्ररींत आणि आर या भाषेत, तिन्हीकडे एका ओळीच्या कोडने होतं, म्हणून मी निवड वेगावर करत नाही. दिशा (ओळ की कॉलम) चुकली तर साधन ते कळू देतं का, हे पाहते.

पांडाजमध्ये नुसतं वजाचं चिन्ह टाकलं की सिरीजची (लेबलं लावलेल्या आकड्यांच्या यादीची) लेबलं टेबलाच्या कॉलमांशी जुळवली जातात. महिन्यांची सरासरी त्यामुळे बिनबोभाट वजा होते. तालुक्यांची नावं मात्र महिन्यांशी जुळत नाहीत आणि हाती येतं सात कॉलमांचं, नॅनने ('आकडा नाही' या खुणेने) भरलेलं टेबल. चूक लपत नाही, हे उत्तमच. (ओळी-कॉलम दोन्हींना 0, 1, 2 अशीच लेबलं असतील तर हे संरक्षण जातं.) उपाय म्हणजे वजाबाकीची 'सब' मेथड, अ‍ॅक्सिस 0 (म्हणजे ओळींची लेबलं) देऊन. नवखे अडतात ते इथेच: ओळींची सरासरी काढताना अ‍ॅक्सिस 1 आणि वजा करताना 0. सरासरीत अ‍ॅक्सिस सांगतो कोणत्या दिशेने आकडे एकत्र करायचे. वजाबाकीत सांगतो लेबलं कुठे जुळवायची. मार्गदर्शिकेत हा फरक उदाहरणाशेजारीच लिहिलेला हवा.

नमपायला लेबलं नसतात, तो शेवटच्या मितीपासून (इथे कॉलमांपासून) आकार जुळवतो. तीन बाय चारमधून तीन आकडे वजा करायला गेलात तर एरर येते. पण चौथा तालुका जोडला की टेबल चौरस होतं, एरर गायब होते आणि पहिल्या तालुक्याची सरासरी सगळ्या जून महिन्यांतून वजा होते. सरासरी काढतानाच 'कीपडिम्स' (मिती टिकवणारा पर्याय) चालू ठेवलं की हा धोका टळतो.

आर व्हेक्टर (आकड्यांची रांग) कॉलमावरून खाली उतरत पुन्हापुन्हा वापरतो. ओळींची सरासरी त्यामुळे थेट वजा होते, आपलं काम सर्वांत सोपं इथेच. उलट महिन्यांची सरासरी तशीच वजा केली तर उत्तर चुकतं आणि साधी वॉर्निंगही येत नाही, कारण बारा चौकटींना चारने पूर्ण भाग जातो. तिथे दिशा सांगता येणारं 'स्वीप' फंक्शनच वापरा.

नावं असलेल्या टेबलासाठी मी पांडाज आणि 'सब' सुचवेन, अ‍ॅक्सिस दर वेळी लिहून. शुद्ध आकड्यांच्या मोठ्या मॅट्रिक्सला नमपाय. टीमसाठी टिपणं लिहिणार असाल तर उदाहरणाचं टेबल चौरस घेऊ नका, आणि चुकलेलं उत्तरही छापा.