जुन्या चित्रावर भरतकाम: कागदावर की मांजरपाटावर?

मालवणच्या मैत्रिणीकडे रविवर्मा छापखान्याची जुनी लक्ष्मी आहे. त्यावरच भरावं की चित्र मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर, उतरवून घ्यावं, हा तिचा पेच. अशा छापील चित्रांवर जर-टिकल्या लावायची रीत जुनीच आहे. तरी मूळ प्रतीला सुई लावूच नये, असं माझं ठाम मत. प्रत काढावी; ती कागदावर की मांजरपाटावर, एवढाच प्रश्न उरतो.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. मेहनतीत मात्र फरक: कागदाला आधी भोकं पाडावी लागतात आणि चुकलेलं भोक तसंच राहतं. टाके दाट पडले की कागद त्या रेषेवर फाटतो. मांजरपाटावर टाका उसवून ओला हात फिरवला की भोक बरंचसं मिटतं.

कोकणातल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी आणि कसर लागते; कापड निदान धुता येतं. दमट हवेत जरीचा धागा काळवंडतो, म्हणून सुती धागाच घ्यावा.

भेटकार्डापुरते चार टाके घालायचे असतील तर जाड कागद चालेल. काठपदर भरगच्च भरून भिंतीवर लावायचं असेल तर मांजरपाटच.