सीए, सीएमए, एसीसीए की नुसती पदवी? हिशेबाच्या क्षेत्रात उतरण्याआधी

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की नातेवाईक एकच विचारतात, "मग, सीए ना?" नाही म्हटलं तर पुढे काय, याचं उत्तर फार थोड्या घरांत तयार असतं. मी कर आणि ऑडिटच्या कामात आहे. आमच्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होताना फर्ममध्ये करावं लागणाऱ्या प्रशिक्षणाला, मुलं येतात आणि साधं बी.कॉम. करून नोकरीलाही येतात. दोघं एकाच टेबलावर बसतात, त्यामुळे कोणाची तयारी कुठे कमी पडते ते रोज दिसतं. त्यावरून माझं मत असं झालंय: कोर्सचं नाव दुय्यम आहे. शिकत असतानाच खऱ्या वह्यांना हात लागतो का आणि घर किती वर्षं तुमच्या कमाईवाचून चालू शकतं, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

हात लागणं म्हणजे काय, ते सांगते. नवीन मुलाला आम्ही पहिल्या आठवड्यात एखाद्या व्यापाऱ्याचं खरेदी रजिस्टर आणि जीएसटी पोर्टलवरून उतरवलेलं २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, देतो. समजा रजिस्टरात ११२ बिलं आहेत आणि २बीत १०५. सात बिलं गेली कुठे? एका पुरवठादारानं जीएसटीआर-१, म्हणजे त्याच्या विक्रीचं विवरण, अकरा तारखेनंतर भरलंय, त्यामुळे त्याची तीन बिलं पुढच्या महिन्यात दिसतील. दुसऱ्यानं आपल्या व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक टाकताना दोन अंक उलटेपालटे केलेत. एक बिल टॅलीत दोनदा चढलंय. उरलेल्यांसाठी फोन लावावा लागतो, कारण वीस तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरण्याचं विवरण, जायला हवं. इनपुट टॅक्स क्रेडिटची (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीची) व्याख्या बी.कॉम.ला पहिला वर्ग मिळवलेल्या मुलाला तोंडपाठ असते, पण हे काम करायला तो दोन दिवस घेतो. सहा महिने झालेला आर्टिकल तेच दुपारच्या जेवणाआधी उरकतो. दोघांच्या हुशारीत फरक नसतो. एकाला सराव मिळालाय, दुसऱ्याला नाही.

पदवी: साधं बी.कॉम. की बीएएफ?

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत हा प्रश्न हमखास येतो. बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स, म्हणजे बीएएफमध्ये फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्टिंग, टॅक्सेशन, ऑडिटिंग हे विषय जास्त खोलात आणि अनेक सेमिस्टरमध्ये येतात. साध्या बी.कॉम.मध्ये वाणिज्य, अर्थशास्त्र असा पसारा मोठा आणि अकाउंट्स त्या मानानं कमी. बीएएफ बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असल्यानं फी बरीच जास्त असते.

सीए करणार हे पक्कं असेल तर सकाळच्या सत्राचं साधं बी.कॉम. घ्या. आर्टिकलशिप सुरू झाली की आठवड्याला ३५ तास ऑफिसात द्यावे लागतात आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेच्या आड येता कामा नये. त्यासाठी सीएच्या संस्थेकडे (आयसीएआय) फॉर्म ११२ भरून परवानगी घ्यावी लागते. बीएएफचे प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन आणि हजेरी सांभाळून हे जमवताना मुलांची दमछाक होते, आणि जे विषय तिथे शिकायचे ते सीए इंटरला, म्हणजे परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याला, त्याहून कठीण रूपात यायचेच असतात. सीए करायचं नसेल, तर मात्र बीएएफचे जादा पैसे वसूल होतात.

सकाळपासून नोकरी करणाऱ्या मुलांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. मराठीतून करता येतं. त्याला नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. दिवसभर एखाद्या पेढीत अकाउंट्स सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेला मुलगा मला नियमित कॉलेजातून आलेल्या कोऱ्या मुलापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सीए: सर्वांत लांबचा आणि सर्वांत भक्कम रस्ता

कंपनीच्या वैधानिक (कायद्यानं सक्तीच्या) ऑडिटवर आणि प्राप्तिकराच्या टॅक्स ऑडिटवर सही फक्त सीएची चालते. हा अधिकार दुसऱ्या कुठल्याही पात्रतेनं मिळत नाही. स्वतःची प्रॅक्टिस काढायची इच्छा असेल तर इथे पर्यायच नाही.

जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत फाउंडेशनला ४ पेपर, इंटरला ६ आणि फायनलला ६ आहेत. इंटर-फायनलला तीन पेपरांचा एक ग्रुप असतो. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. या दुसऱ्या अटीवर निम्मी मुलं अडकतात. तिन्ही पेपरांत ४५-४५ पडले, एकाही विषयात नापास नाही, तरी ग्रुप गेला. म्हणून निदान एका विषयात ६० च्या पुढे जाण्याची तयारी ठेवावी लागते. ग्रुप राहिला तरी त्या पेपरला एक्झम्प्शन, म्हणजे पुढच्या वेळी सूट, मिळतं. नोव्हेंबर २०२४ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी १३.४४ टक्के पास झाले. हा आकडा क्लासच्या जाहिरातीत दिसत नाही, पण फॉर्म भरण्याआधी आईवडिलांनीही तो वाचावा. सगळं पहिल्या फटक्यात निघालं तरी बारावीनंतर चारेक वर्षं जातात. एखादा ग्रुप दोनदा राहिला की सहा-सात.

पदवीनंतरही दार उघडं आहे. वाणिज्य पदवीला ५५ टक्के, इतर शाखेला ६० टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता येतं. बारावीत मन तयार नसलेल्यांनी घाईनं फाउंडेशनचा फॉर्म भरण्यापेक्षा हा रस्ता धरावा.

नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली आणि ती इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू होते. त्यामुळे फर्म निवडताना पूर्वीपेक्षा जास्त डोकं लावायला हवं. मोठ्या फर्ममध्ये स्टायपेंड चांगला, नाव मोठं, पण वर्षभर एकाच बड्या कंपनीच्या ऑडिटमधलं एकच काम वाट्याला येऊ शकतं. सांगली-साताऱ्याच्या चार जणांच्या फर्ममध्ये स्टायपेंडमधून बसभाडं आणि चहा सुटेल एवढंच. पण तिथला मुलगा महिन्याच्या सात तारखेला टीडीएस भरतो, वीसला जीएसटी, सप्टेंबरात टॅक्स ऑडिट आणि मधल्या दिवसांत पतसंस्थेचं व्हाउचिंग, म्हणजे पावत्यांची पडताळणी, करतो. अधिकाऱ्यासमोर कागद घेऊन उभाही राहतो. पुढे कॉर्पोरेटमध्ये जायचं असेल तर मोठी फर्म, प्रॅक्टिस करायची असेल तर लहान-मध्यम फर्म, असं माझं स्पष्ट मत आहे. जॉइन होण्याआधी तिथल्या आर्टिकल्सना गाठून दोन गोष्टी विचारा: परीक्षेला सुट्टी किती मिळते आणि प्रिन्सिपल, म्हणजे ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप करायची ते सीए, स्वतः समजावून सांगतात का. एकदा नोंदणी झाली की फर्म बदलणं सोपं नसतं.

खर्चाचं म्हणाल तर संस्थेची नोंदणी, परीक्षा आणि ट्रेनिंगची फी मिळून लाखाच्या आतबाहेर बसते. क्लासचा खर्च वेगळा, आणि पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहिलात तर तो सर्वांत मोठा. व्हिडिओ लेक्चर्समुळे लातूर किंवा रत्नागिरीत राहूनही इंटर निघतं, फक्त अभ्यासाला सोबत हवी.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक सांगायला हवं. सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. अकाउंट्सला भाषा फार आड येत नाही. येते ती कायद्याच्या पेपरला. हिंदीचा मोह टाळून इंग्रजीच धरा. रोजच्या कामातले कायदे, नोटिसा आणि सॉफ्टवेअर सगळं इंग्रजीत आहे. रोज कंपनी कायद्याचं एक कलम मोठ्यानं वाचून स्वतःच्या शब्दांत लिहायचं, एवढं वर्षभर केलं तरी हात वळतो.

आणि सीनियरची जुनी पुस्तकं घेताना जपून. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्यानं घेतली आहे. कलमांचे क्रमांकच बदललेत.

सीएमए: कारखान्यात रमणाऱ्यांसाठी

सीएमए म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट, उत्पादनाच्या खर्चाचा हिशेब मांडणारा. कॉस्ट अकाउंटंट्सची संस्था १९५९ च्या कायद्यानं उभी आहे, मुख्यालय कोलकात्याला. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, इंटरला ८ आणि फायनलला ८ पेपर, पास होण्याचा नियम सीएसारखाच. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला थेट इंटरला प्रवेश मिळतो आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण १५ महिन्यांचं आहे.

सीए जमलं नाही म्हणून सीएमए, असं बोलतात ते मला पटत नाही. कामाचं स्वरूपच निराळं आहे. ३५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या ठरावीक उद्योगांतल्या कंपन्यांना खर्चाच्या नोंदी कायद्यानं ठेवाव्या लागतात. त्यात औषधं, खतं, पोलाद, सिमेंट आणि साखरही येते. चाकण, पिंपरी-चिंचवड, वाळूज अशा पट्ट्यांत एक सुटा भाग बनवायला नक्की किती खर्च येतो, हे सांगू शकणाऱ्या माणसाला मान आहे. तुम्हाला यंत्रं, कच्चा माल, शिफ्ट यांत रस वाटत असेल तर सीएमए घ्या. पण कॅम्पसमधून मिळणाऱ्या नोकऱ्या आणि लोकांमधली ओळख यांत तो सीएच्या मागे आहे, हे धरून चला.

एसीसीए: परदेशी काम, पौंडात फी

असोसिएशन ऑफ चार्टर्ड सर्टिफाइड अकाउंटंट्स या ब्रिटनमधल्या संस्थेची ही पात्रता १३ पेपरांची आहे. प्रत्येक पेपराला ५० टक्के पुरतात, एकूण सरासरीची भानगड नाही, परीक्षा वर्षातून चारदा होतात. बी.कॉम. झालेल्यांना काही पेपरांत सूट मिळते. सोबत ३६ महिन्यांचा कामाचा अनुभव लागतो, पण तो नोकरी करत, पगार घेत पूर्ण होतो. म्हणून घरी लवकर पैसे यायला हवेत अशा मुलांना हा रस्ता सीएपेक्षा सोयीचा पडतो, बशर्ते सुरुवातीची फी परवडत असेल. ती पौंडात असते, वर्गणी दर वर्षी भरावी लागते आणि क्लास धरून खर्च काही लाखांत जातो.

एसीसीए झालेल्याला भारतात वैधानिक ऑडिटवर सही करता येत नाही. काही कॉलेजं तीन वर्षांच्या पदवीसोबत एसीसीए देतो म्हणतात आणि हे मात्र सांगत नाहीत. प्रवेश घेताना विचारा: किती पेपरांची सूट, उरलेल्या पेपरांची फी कोण भरणार, आणि मागच्या बॅचमधले किती जण सगळे पेपर काढून बाहेर पडले. उत्तर टाळलं तर तिथे पैसे घालू नका. मुंबई, पुणे, बेंगळुरूमधल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कार्यालयांत आणि आखातात या पात्रतेला मागणी आहे, कारण तिथलं काम आंतरराष्ट्रीय लेखा मानकांवर चालतं.

ज्यांना हिशेबापेक्षा शेअर, रोखे आणि गुंतवणुकीत रस आहे त्यांनी सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट) पाहावं. तीन लेव्हल, फी डॉलरमध्ये. त्याआधी एनआयएसएमची (सेबीनं काढलेल्या शिक्षणसंस्थेची) एखादी परीक्षा देऊन आपल्याला हे क्षेत्र खरंच आवडतं का, ते थोड्या पैशांत तपासून घ्या.

जीडीसी अँड ए: जवळचा आणि विसरलेला पर्याय

जीडीसी अँड ए म्हणजे गव्हर्नमेंट डिप्लोमा इन को-ऑपरेशन अँड अकाउंटन्सी. सहकार खात्यातर्फे पदवीधरांसाठी ही पदविका परीक्षा होते आणि ती मराठीतून देता येते. राज्यात दोन लाखांहून जास्त सहकारी संस्था आहेत: गृहनिर्माण सोसायट्या, पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था. प्रत्येकीचं दर वर्षी ऑडिट व्हावं लागतं. पदवी, ही पदविका, संस्थांच्या ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं ज्ञान असेल तर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेवर (मान्यताप्राप्त लेखापरीक्षकांच्या यादीत) येता येतं. कोकणात किंवा मराठवाड्यात गावीच राहून काम करायचं आहे, घरची शेती सोडायची नाही, अशांना यासारखा दुसरा मार्ग नाही. पुण्यातले करिअर सल्लागार याचं नावही घेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मध्येच अडकलात तर

सगळ्यात कठीण निर्णय सुरुवातीचा नसतो. इंटर झालंय, आर्टिकलशिप झालीय आणि फायनल तिसऱ्यांदा राहिली, तिथे खरा पेच पडतो. घरी बसून चौथा अटेम्प्ट द्यायचा असं बहुतेक घरांत ठरतं. माझा सल्ला वेगळा आहे. नोकरी धरा. इंटर पास आणि आर्टिकलशिप पूर्ण केलेल्यांना कंपन्यांच्या अकाउंट्स आणि टॅक्स विभागांत चांगली मागणी आहे. जाहिरातीत त्यांना 'सेमी क्वालिफाइड' म्हणतात. पगार सुरू झाला की घरातला ताण उतरतो, आणि एकेक ग्रुप घेऊन, परीक्षेआधी दीड-दोन महिन्यांची रजा ठरवून फायनल देता येते. इंटर सुटलेल्यांना एसीसीएतही काही पेपरांची सूट आहे, तेव्हा तोही पर्याय खुला राहतो. नोकरीच्या मुलाखतीत अटेम्प्टचा हिशेब क्वचितच विचारतात. समोर बँक स्टेटमेंट आणि लेजर (खातेवही) ठेवून रिकन्सिलिएशन करायला, म्हणजे दोन्हींचा मेळ घालायला सांगतात, आणि दोन वर्षं आर्टिकलशिप मनापासून केलेल्याला ते येतं.