खापर घ्यायचं तर वाजवून: आखाजीच्या बाजारातली मातीची भांडी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर खान्देशातल्या आठवडे बाजारांत मडक्यांच्या राशी लागतात. घागरी उदंड; खापर, म्हणजे चुलीवर पालथं घालून त्यावर मांडे (पुरणाच्या मोठ्या, पातळ पोळ्या) भाजायचं मातीचं भांडं, मात्र शोधावं लागतं. तापीकाठच्या एका कुंभारवाड्याच्या राशीतल्या या दोन्ही वस्तूंबद्दल लिहितो आहोत. घागर चांगली आहे, खापर उत्तम आहे. अट एकच, निवडून घ्यायला हवं.

आधी खापर. राशीतलं पहिलंच उचलू नका. बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर भाजणी पूर्ण झालेली आणि तडा नाही, भद्द आवाज आला तर परत ठेवा. मग उन्हाकडे धरून पाठीवरून हात फिरवा. कुठे पांढरा ठिपका दिसला तर ती चुनखडी. खान्देशच्या काळ्या मातीत ती असतेच. चाळणीतून निसटलेला खडा आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, पुढे हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरचा कपचा उडवतो. या राशीत असे नग निघाले, म्हणून हे आवर्जून सांगतो. नुसती काळी माती वाळताना फार आकसते आणि चिरते, त्यामुळे तिच्यात नदीचा गाळ, राख आणि लीद मिसळतात. लीद जळून गेली की बारीक पोकळ्या राहतात आणि आच सोसायची ताकद त्यांच्यातूनच येते. गुळगुळीत, चकचकीत खापर म्हणूनच आम्हाला संशयास्पद वाटतं.

जाडी सगळीकडे सारखी हवी. आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापीने ठोकलेल्या भांड्यात ती बरीचशी साधते. मध्ये जाड आणि काठाला पातळ असेल, तर मांडा कडेला करपतो आणि मधे कच्चा राहतो.

नव्या खापरावर त्याच दिवशी मांडे टाकायचे नाहीत. दोन दिवस कडक ऊन दाखवा. मग चुलीवर पालथं घालून पाऊण तास अगदी मंद आच द्या आणि चुलीवरच निवू द्या. मातीत मुरलेलं पाणी एकदम तापलं की त्याची वाफ होते आणि खापर तडकतं. दोष कुंभाराला लागतो, चूक मात्र घाईची असते. जळणाला पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) सगळ्यांत बऱ्या, कारण जाळ पसरट लागतो आणि ओढून घेतला की लगेच उतरतो. गॅसवर जाळ एकाच जागी लागतो, तिथूनच तडा जातो. गॅसच हवा असेल तर लोखंडी तवा मधे ठेवा, पण चव उतरणार हे गृहीत धरा. मांडा चिकटून फाटला तर खापर अजून तापलेलं नाही. पडताक्षणी काळे डाग आले तर दोन पऱ्हाट्या मागे ओढा. साबण कधीच लावू नका, माती तो पिते आणि पुढच्या मांड्याला वास येतो. कोरड्या फडक्याने पुसलं की झालं.

पूर्वी ही भांडी बलुत्यात धान्यावर मिळत, आता रोख मोजावी लागते. तरी विकणारी कुंभारीण अजून विचारते, ‘माय, मांडे टाकणार कोण?’ प्रश्न साधा वाटतो, पण कोपरापर्यंत मांडा पसरवणारीला मोठा घेर लागतो आणि नवशिक्या हाताला लहान. मागच्या वर्षी कुणाचं खापर कुठून तडकलं, हेही तिच्या लक्षात असतं आणि त्यावरून पुढची थापणी बदलते. दुकानातल्या साच्याच्या मालात हे मिळणार नाही. शिवाय एका गल्लीला एकच चांगलं खापर पुरतं. आखाजी, श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाचे रोट, लग्नघर असं ते फिरतं आणि त्याच्याबरोबर मांडे टाकणारीलाही बोलावणं जातं. एक जण आच सांभाळते, एक मांडा टाकते. एकटीचं हे काम नाहीच.

घागरीबद्दल थोडक्यात. आखाजीला पितरांची घागर भरायची, वर लहान भांडं ठेवून त्यावर डांगर (खरबूज), सांजोरी आणि आंबे मांडायचे, तर बुड सपाट बसतं का ते तिथेच पाहा. ती पुढे पिण्याच्या पाण्याला ठेवणार असाल तर रंगवलेली घेऊ नका. पाणी पाझरून बाहेरून सुकतं तेव्हाच आतलं गार होतं. रंगाने छिद्रं बुजली की भुसावळच्या उन्हात ती घागर आणि प्लास्टिकचा डबा सारखेच. नळ बसवलेल्या घागरी जोडापाशी गळतात, त्या आम्ही सुचवत नाही.

खापर हवं असेल तर दिवाळीनंतरच सांगून ठेवा. सावलीत सावकाश वाळलेला माल तेव्हाचाच असतो. आखाजीच्या आदल्या आठवड्यात घाईने भाजलेले नग जास्त येतात आणि बदलून द्यायला कुंभारिणीकडे दुसरं खापर उरलेलं नसतं.