खाल्लेलं अंगी लागावं म्हणून: हँग-ऑन ब्रीडर बॉक्स आठ महिने वापरल्यावर

माशांच्या टाकीच्या काचेला बाहेरून अडकवायची ही पारदर्शक अॅक्रिलिकची पेटी. मिळते पिल्लांसाठी, म्हणजे गप्पी-मॉलीची पिल्लं मोठ्यांच्या तोंडातून वाचवायला. इथे मात्र गेले आठ महिने ती वेगळ्याच कामाला आहे: १२० लिटरच्या सामायिक टाकीत खंगत चाललेल्या झेब्रा लोचला सावरायचं. टाकीत सोबतीला रोझी बार्ब आहेत. बार्ब म्हणजे खाणं पाण्यात पडायच्या आत हजर. लोच तळाचा, लाजरा, अंधार पडल्यावर बाहेर येणारा. कोण उपाशी राहणार हे उघड आहे.

झेब्रा लोच, शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायाटा, हा सह्याद्रीतल्या नद्यांचा मासा. १९२० साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि आज तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यातल्या प्रजातींमध्ये आहे. म्हणूनच विकत आणलेला एकेक मासा जगवणं ही जबाबदारी वाटायला हवी. हे मासे पकडल्यापासून दुकानात पोचेपर्यंत अनेकदा नीट खात नाहीत, आणि पिशवीतून टाकीत आले की बार्बांच्या गर्दीत पडतात.

मासा खंगलाय हे बाजूने पाहून लवकर कळत नाही. वरून पाहा. धडधाकट लोच कल्ल्यांच्या मागे सर्वांत रुंद दिसतो आणि तिथून शेपटीकडे हळूहळू निमुळता होतो. खंगलेल्याचं डोकंच सर्वांत रुंद दिसतं, मागचं अंग सुरीच्या पात्यासारखं. पोट खपाटीला गेलेलं असतं आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना खळगा पडतो. या अवस्थेपर्यंत वाट पाहू नका. पोटाची रेघ सपाटीवरून आत वळायला लागली की काम सुरू करायचं.

ही पेटी का, याचं उत्तर लोचच्या डोळ्याखाली आहे. तिथे एक काटा असतो. मासा घाबरला की तो बाहेर काढतो आणि जाळीत अडकतो. त्यामुळे बाजारातली कापडी जाळीची ब्रीडर नेट लोचसाठी धोक्याची. काटा रुतला की मासा गरगर फिरतो आणि गुंता वाढतच जातो. अशा वेळी मासा ओढायचा नाही. कात्रीने जाळी कापायची. पकडतानाही जाळं नकोच. तोंड कापलेली लिटरची बाटली तळाशी आडवी धरून, दुसऱ्या हाताने मासा आत वळवायचा.

वेगळी हॉस्पिटल टाकी हा दुसरा पर्याय. एकट्या माशाला औषध द्यायचं असेल तर तीच हवी. पण नुसतं खाऊ घालायचं असेल तर नवं पाणी, नवं तापमान, एकटेपणा हे सगळं आधीच अशक्त असलेल्या माशावर लादलं जातं. कळपाचा मासा एकटा पडला की खाणं सोडतो. पेटीत पाणी टाकीचंच असतं आणि सोबती काचेपलीकडे दिसत राहतात.

जोडणी सोपी आहे, पण घाई केली तर पाणी जमिनीवर येतं. दोन लिटरची पेटी भरली की दोन किलोच्या वर वजन काचेच्या कडेवर येतं. कडेला आडवी काचपट्टी किंवा जाड प्लास्टिकची चौकट असेल तर हुक नीट बसत नाही. खरेदीआधी काचेची जाडी आणि कड मोजा. खालचा टेकू बरोबर फिरवून पेटी पाणसळीत आणा. बाहेरच्या बाजूला झुकली तर पाणी परतीच्या फटींऐवजी बाहेरच्या कडेवरून सांडू शकतं. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर वीज गेली की पाणी उलट येऊन पंपात शिरतं.

पंपाची हवा उचल-नळीत शिरते, बुडबुड्यांसोबत टाकीतलं पाणी वर चढून पेटीत पडतं आणि दुसऱ्या टोकाच्या फटींतून परत टाकीत जातं. एवढंच यंत्र. प्रवाह किती ठेवायचा हे डोळ्यांनी ठरवू नका. परतीच्या धारेखाली पाव लिटरचा पेला धरा आणि घड्याळ लावा. पेला अर्ध्या मिनिटात भरला तर पेटीतलं सगळं पाणी चार मिनिटांत बदलतंय, हे उत्तम. मिनिटभर लागला तरी चालेल. दोन मिनिटांवर गेला तर नळी तपासा. बहुतेक वेळा दोष टाकीतल्या पातळीचा असतो. ही उचल फार उंच पाणी चढवू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवनाने पातळी तीन-चार सेंटिमीटर उतरली की धार बारीक होते. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी भरणं हा या पेटीच्या वापराचाच भाग समजा. थंडीत प्रवाह मंद असेल तर पेटीचं पाणी टाकीपेक्षा गार होतं, म्हणून छोटा थर्मामीटर पेटीतही ठेवावा.

पेटीत वाळू-खडे घालू नका. २५ मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा आठ सेंटिमीटरचा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेला, आणि वाळलेलं बदामाचं अर्धं पान पुरे. तीन बाजूंना बाहेरून काळा कागद चिकटवा, टाकीकडची बाजू मोकळी ठेवा. झाकण रबरबँडने आवळा, कारण लोच उडी मारतो आणि झाकणाच्या कोपऱ्यातली बोटभर फट त्याला पुरते. दोन लिटरमध्ये सहा सेंटिमीटरपर्यंतचे दोनच मासे, तेही दहा ते चौदा दिवस. मोठ्या माशासाठी ही पेटी नाही, आणि विक्रेता काही सांगो, त्याहून जास्त दिवस तर नाहीच. एकटा मासा ठेवू नका. दुसरा खंगलेला नसेल तर त्याच आकाराचा शांत सोबती द्या. कळपातला दांडगा सोबतीला दिला तर पेटीतही तीच मारामारी.

खाण्याचं वेळापत्रक हेच खरं औषध. पहिले तीन दिवस ताजे उबवलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव; अंडी सुकी मिळतात), दिवसातून चार वेळा, दहा मिनिटांत संपतील इतकेच. उबवायला उलटी बाटली, एक लिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, पाव चमचा अंडी, बुडातून जोरदार हवा. २६ ते २८ अंशांना २४ तासांत पिल्लं निघतात. थंडीत जास्त वेळ लागतो. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की टरफलं वर तरंगतात आणि केशरी पिल्लं तळाशी येतात. ती नळीने काढून, गाळून, गोड्या पाण्यात धुऊन सिरिंजने पाइपाच्या तोंडाशी सोडायची.

इथे एक अडचण येते, जी खोक्यावर लिहिलेली नसते. आर्टेमियाची पिल्लं अर्ध्या मिलिमीटरची, परतीच्या फटी मिलिमीटरभराच्या. धार चालू असेल तर सगळं खाणं पाचच मिनिटांत टाकीत जातं आणि पलीकडे बार्ब तोंड उघडून उभेच असतात. म्हणून खाऊ घालताना हवा कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह फिरवून ती अगदी मंद करायची, पंधरा मिनिटांनी पूर्ववत. पूर्ण बंद करू नका, आणि मोबाइलवर गजर लावा. विसरलात तर दोन लिटर पाण्यात दोन मासे आणि उरलेलं खाणं, म्हणजे प्राणवायू झपाट्याने घटणार.

चौथ्या दिवसापासून फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या: वितळवून, चहाच्या गाळणीत धुऊन, एका लोचला एका वेळी चार-पाच किडे, दिवसातून तीनदा. सोबत रात्री दिवा मालवल्यावर भिजवलेल्या बुडणाऱ्या गोळ्या, दर माशामागे दोन. एकदम भरपूर दिलं तर उपाशी पोट फुगतं आणि मासा तोंडच फिरवतो. आठवड्यातून दोनदा टाकीतल्याच बारक्या रॅम्सहॉर्न गोगलगायी द्या. लोचचा तो आवडता घास आहे. खाण्यावर आलेला लोच बारीक टकटक आवाज काढतो. पेटीजवळ कान नेला तर पातळ अॅक्रिलिकमधून तो स्पष्ट ऐकू येतो. तो आवाज आला की निम्मी लढाई जिंकली. नाल्यातली जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले लाल बारीक किडे) मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको. अशक्त माशाला नव्या रोगाची त्यात भर नको.

उरलेलं खाणं अर्ध्या तासात काढायचं. ५० मिलिलिटरची सिरिंज आणि तिला एअर नळीचा वीतभर तुकडा, यापेक्षा चांगलं साधन नाही. खाणं वाढलं की टाकीवरचा भारही वाढतो. या काळात आठवड्याला एकदाऐवजी दोनदा २५ टक्के पाणी बदला.

आता या पेटीचा असा गुण, ज्यासाठी ती पुन्हा घेऊ. पेटी बाहेर लटकते, त्यामुळे तिचा तळ खालून पाहता येतो. टॉर्च धरून खालून पाहिलं की माशाचं पोट, गुदद्वार, आणि तळावर पडलेली विष्ठा लख्ख दिसते. वाळूच्या टाकीत हे कधीच कळत नाही. विष्ठा तपकिरी किंवा खाल्लेल्या ब्लडवर्मसारखी लालसर, तुटक असेल तर खाणं पचतंय. पांढरी, पारदर्शक, दोऱ्यासारखी लांब लोंबत असेल तर एक तर आतडं रिकामं आहे किंवा आत परजीवी आहेत. तीन-चार दिवस पोटभर खाऊनही पांढरीच राहिली तर परजीवीच धरून चाला. गुदद्वारातून लाल बारीक दोरे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत.

त्या वेळी पेटीत औषध टाकायचं नाही. पेटीचं पाणी चार मिनिटांत टाकीत जातं. पेटीत टाकलेला डोस मग टाकीत विरून निकामी होतो. कॅमॅलॅनससारखे गोलकृमी एका माशात दिसले तर बाकीच्यांनाही लागण झाली असं समजून अख्ख्या टाकीलाच उपचार लागतो. लोचपालकांत रुळलेलं औषध लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड, लिटरला २ मिलिग्रॅम, दिवा बंद ठेवून २४ तास, मग तळ सायफनने साफ करून मोठा पाणीबदल, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. टाकीचं पाणी लांबी-रुंदीवरून नव्हे, खडे-दगड वजा करून मोजा. जनावरांच्या औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण पशुवैद्यकाकडून समजून घ्या. दशांश चिन्ह चुकलं तर मासे जातात. हे औषध पट्टकृमींवर चालत नाही, त्यांना प्राझिक्वांटेल लागतं. मीठ आणि तांब्याची औषधं लोचला सोसत नाहीत. खवले अगदी बारीक असल्याने त्याला त्यांचा त्रास फार होतो.

मासा खातोय, विष्ठाही बरी, तरी खंगतोच आहे, पाठीचा कणा वाकतोय, अंगावर व्रण उठलेत, तर माशांच्या क्षयाची शंका घ्या. त्यावर खात्रीचा इलाज नाही. तो जंतू हाताच्या जखमेतून माणसालाही त्वचेचा आजार देऊ शकतो. हातमोजे घाला, नळी तोंडाने ओढू नका, आणि ती पेटी दुसऱ्या माशासाठी वापरू नका.

पेटीचे दोष सांगायलाच हवेत. परतीच्या फटी दर दोन-तीन दिवसांनी शेवाळ आणि अन्नकणांनी बुजतात. जुन्या मऊ टूथब्रशने रोज एक हात फिरवा. रबरी चकत्या सहाव्या महिन्यात कडक झाल्या आणि पेटी कलायला लागली. सुटे भाग सहज मिळत नाहीत, म्हणून खरेदीच्या वेळीच जास्तीच्या चकत्या मागा. बुडबुड्यांची गुडगुड रात्री ऐकू येते. उचल-नळीच्या तोंडावर क्षार जमतात, ते व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून जातात. अॅक्रिलिक मात्र घासणीने घासू नका, चरे पडले की खालून काही दिसत नाही. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीचा एअर पंप ही चैन नाही. टाकीला तास-दोन तास निभावतं, दोन लिटरच्या पेटीला नाही. तेवढं साधन नसेल तर वीज गेल्याबरोबर मासे टाकीत सोडा.

दोन आठवड्यांत पोटाची रेघ सपाट होते; पाठीचे खळगे भरायला मात्र दीड-दोन महिने लागतात, आणि ते टाकीतच भरावे लागतात. इथेच बहुतेकांचं चुकतं. मासा पेटीत भरतो, टाकीत परत जातो, आणि महिन्याभरात पुन्हा सुरी होतो, कारण टाकी तीच राहिलेली असते. परत सोडण्याआधी टाकी बदला. लोच निदान सहा हवेत. दोन-तीनच असतील तर दांडग्याचा सगळा राग एकाच दुबळ्यावर निघतो. लपायच्या जागा माशांपेक्षा जास्त, आणि प्रत्येक फटीला दोन तोंडं. खाण्यासाठी २० मिलिमीटरचा पारदर्शक पाइप पाण्याच्या वरपासून तळापर्यंत उभा करा. आधी पृष्ठभागावर एका कोपऱ्यात बार्बांना त्यांचं खाणं द्या, ते तिकडे जमले की दुसऱ्या टोकाला पाइपातून गोळ्या थेट लोचच्या गुहेपाशी सोडा. दुसरा हप्ता दिवा गेल्यावर अर्ध्या तासाने.

मासा संध्याकाळी सोडा, दिवा मंद करून. त्याच दिवशी टाकीतले दगड-लाकूड थोडे इकडे-तिकडे हलवा, म्हणजे सगळ्यांनाच जागा नव्याने ठरवाव्या लागतात आणि परतलेला एकटाच उपरा ठरत नाही. दर रविवारी त्याच अंतरावरून वरचा फोटो घ्या आणि मागच्याशी ताडा. मासा पुन्हा खंगू लागला तर हाताशी असावी म्हणून रिकामी पेटी आणखी तीन आठवडे तशीच चालू ठेवा, धार मोजून.