मॅक फिल्टर की गेस्ट वायफाय?

गावात फायबर आलं की आठवडाभरात घरचा पासवर्ड ओटा ओलांडतो. आमच्या दारव्ह्याकडच्या गावात तो पानठेल्यापर्यंत पोचला होता. वायफायची सिक्युरिटी, म्हणजे सिग्नलला कुलूप लावायची पद्धत, डब्ल्यूपीए२, एईएसवर आहे असं धरूनच बोलतो. त्याची नवी आवृत्ती डब्ल्यूपीए३ मिसळलेला मोडही लावून पाहिला, पण गोठ्यावरचा जुना कॅमेरा रुसला, म्हणून मागे आलो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, मात्र बंद करा. त्याची आठ आकडी पिन जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत सापडते, हे २०११ मध्येच उघड झालं.

राहिला प्रश्न माणसं आवरायचा. मी आधी मॅक फिल्टर लावला. मॅक म्हणजे फोनच्या वायफायचा आकडे-अक्षरांचा पत्ता. यादीत पत्ता असेल तोच फोन आत, पासवर्ड कितीही फिरू दे. दोन महिने खुशीत होतो.

मग पोळ्याला जावई आले. ‘फोनबद्दल’मधला पत्ता वहीत उतरवला, यादीत टाकला. फोन काही जोडेना. हा आठ आहे की बी, करत तासभर गेला. चूक माझी नव्हतीच. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन वायफायला खरा पत्ता देतच नाही, दर नेटवर्कला वेगळा बनवून देतो. म्हणजे पाहुण्याचा फोन मागून घ्या, त्यातलं हे सेटिंग बंद करा, मग परत द्या. जावयाचा फोन असा मागणं आमच्याकडे तरी बरं दिसत नाही. वर हा पत्ता हवेत उघडाच जातो, एन्क्रिप्शन, म्हणजे ते सिग्नलचं कुलूप, तो झाकत नाही. जाणकार पोट्टा तो सहज उचलून आपल्या मशीनला लावेल.

गेस्ट नेटवर्कमध्ये ही कटकट नाही. त्याच राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि आयसोलेशन, म्हणजे पाहुण्यांना घरच्या उपकरणांपासून वेगळं ठेवायची सोय, चालू असलं तर पाहुण्याला घरचा कॅमेरा दिसत नाही. खोट एवढीच, की आयपीएलच्या रात्री सगळे पोट्टे ओट्यावर जमले की घरचं नेट रांगतं. वेगाची मर्यादा घालायची सोय सगळ्याच राउटरमध्ये नसते, आमच्यात नाही. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये तर गेस्टचा पर्यायच लपवलेला असतो, आधी बघून घ्या.

घरात चारच फोन आणि येणंजाणं कमी असेल, तर मॅक फिल्टर चालूनही जाईल. आमच्याकडे पोळा झाला की गेस्टचा पासवर्ड बदलतो. पत्त्यांची ती वही आता दुधाच्या हिशेबाला लागली आहे.